‘डेव्हलप’ ब्रँच ठेवू की काढू?

पत्र

आम्ही तिघे मिळून एक ओपन सोर्स लायब्ररी सांभाळतो. कॉन्फिगरेशन फाइल वाचणं एवढंच तिचं काम. तिघांच्याही नोकऱ्या वेगळ्या, हे सगळं फावल्या वेळात चालतं. कोड गिटमध्ये ठेवतो, आणि ब्रँच, म्हणजे कोडच्या समांतर शाखा, सांभाळायला पहिल्यापासून गिट-फ्लो ही पद्धत वापरतोय: ‘मेन’, ‘डेव्हलप’, फीचर ब्रँच, रिलीज ब्रँच, हॉटफिक्स ब्रँच, सगळं रीतसर. २.३.० मध्ये एक बग निघाला. फाइलमध्ये एखाद्या ‘की’पुढे व्हॅल्यू रिकामी असली की लायब्ररी क्रॅश व्हायची. ‘मेन’वरून हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, काढला आणि २.३.१ दिली. त्यानंतर २.४.० आली आणि तोच बग परत! हॉटफिक्स ‘डेव्हलप’मध्ये मर्ज करायचाच, म्हणजे मिसळायचाच, राहून गेला होता. आता एक सहकारी म्हणतो, गिट-फ्लो ज्यानं मांडला त्यानंच नंतर नको म्हटलंय, आपण सरळ ट्रंक-बेस्ड करू, म्हणजे सगळं एकाच मुख्य ब्रँचवर. दुसरा म्हणतो, पद्धत उत्तम आहे, आपली शिस्त कमी पडली. त्यातच एका लिनक्स डिस्ट्रिब्युशनसाठी आमचं पॅकेज बनवणाऱ्यांनी विचारलंय, १.९ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहणार का? कुठली पद्धत घेऊ?

— तिघांतला तिसरा

उत्तर

तिघांतले तिसरे,

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलाय. दोन सहकारी पद्धतीवरून वाद घालतायत आणि पॅकेजवाल्यांनी मात्र नेमकं बोट ठेवलंय: जुन्या आवृत्त्यांचं काय? ते ठरवल्याशिवाय ब्रँचची आकृती काढायला बसणं म्हणजे घरात माणसं किती हे न विचारता खोल्या पाडणं.

फक्त सगळ्यांत नवी आवृत्ती सांभाळायची असेल, तर एक ‘मेन’ ब्रँच आणि तिच्यावरचे टॅग, म्हणजे प्रत्येक आवृत्तीच्या जागी केलेली खूण, एवढ्यावर भागतं. बग आला, ‘मेन’वर दुरुस्त केला, पुढची आवृत्ती दिली. पण ‘नवी फीचर्स नकोत, आहे त्यातला बग तेवढा काढून द्या’ असं म्हणणारे लोक असतील आणि तुम्ही त्यांना हो म्हणणार असाल, तर अशा प्रत्येक मालिकेसाठी एक ब्रँच लागते. ब्रँच काढायला सेकंदही लागत नाही, म्हणून ती फुकट वाटते. पुढे मात्र प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी बसून बघायचं असतं: हा बग त्या मालिकेत आहे का, पॅच जसाच्या तसा बसतो का, टेस्ट चालतात का, चेंजलॉगमध्ये नोंद झाली का, नवा टॅग पडला का. हे काम कुणाला आवडत नाही आणि त्याचं कौतुकही होत नाही.

पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रकल्प हे वर्षानुवर्षं करतो. दरवर्षी एक मोठी आवृत्ती, प्रत्येकीला पाच वर्षं आधार, म्हणजे कुठल्याही वेळी साधारण पाच मालिका एकदम जिवंत. त्यांच्याकडे त्यासाठी अनुभवी कमिटर आहेत आणि पगार देऊन हे काम करून घेणाऱ्या कंपन्याही आहेत. दुसऱ्या बाजूला लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बघा. तिथे दीर्घकाळ सांभाळायच्या आवृत्त्या सहा-सहा वर्षं चालवल्या जायच्या. २०२३ मध्ये ती मुदत दोन वर्षांवर आणायचं जाहीर झालं, कारण देखभाल करणाऱ्यांवरचा ताण वाढत चालला होता आणि इतक्या जुन्या आवृत्त्या वापरणारे फारसे उरले नव्हते. जगातल्या सगळ्यांत मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांपैकी एकाला जे जड गेलं, ते तुम्ही तिघं रविवारी दुपारी करणार नाही. तेव्हा आधी वचन छोटं करा. माझ्या मते तुम्हाला झेपेल ते एवढंच: २.x ची चालू मालिका, तिच्यात सगळ्या दुरुस्त्या. १.९ ला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, त्याही एका ठरलेल्या तारखेपर्यंत. २.३, २.२ वगैरे मालिकांना काही नाही, त्यांनी २.४ वर यावं. ही तीन वाक्यं रीडमीमध्ये तारखेसकट लिहा. म्हणजे पॅकेजवाल्यांनाही उत्तर मिळतं आणि त्यांचं वेळापत्रक त्यांना आखता येतं. तारीख जवळची असली तरी चालेल, त्यांना ती माहीत असली म्हणजे झालं.

आता तुमच्या पहिल्या सहकाऱ्याबद्दल. त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. गिट-फ्लोचा मूळ लेख जानेवारी २०१० मधला. २०२० च्या मार्चमध्ये लेखकानं त्याच लेखाच्या डोक्यावर एक टिपण जोडलं. त्याचा आशय असा, की ज्यांचं सॉफ्टवेअर सतत डिप्लॉय होतं, म्हणजे मुख्यतः वेब अॅप, त्यांनी एखादी सोपी पद्धत घ्यावी. पण ज्यांचं सॉफ्टवेअर आवृत्तीचा आकडा लावून बाहेर पडतं किंवा ज्यांना एकाच वेळी अनेक आवृत्त्या सांभाळाव्या लागतात, त्यांना गिट-फ्लो अजूनही उपयोगी पडू शकतो. म्हणजे ‘नको’ म्हटलं ते वेब अॅपवाल्यांना, आणि तुमची लायब्ररी त्यात बसत नाही. तुम्ही तर उलट दुसऱ्या गटातले.

तरीही मी तुम्हाला गिट-फ्लो सोडाच म्हणेन, आणि माझं कारण वेगळं आहे. त्या आकृतीत हॉटफिक्स निघतो तो ‘मेन’वरून, म्हणजे शेवटच्या आवृत्तीवरून. २.४ बाहेर असताना १.९ ला पॅच द्यायचा झाला तर तो कुठे करायचा? मूळ आकृतीत त्याला जागाच नाही. एवढ्या ब्रँच सांभाळूनही जुन्या मालिकेची सोय होत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

दुसरा सहकारी शिस्तीचं म्हणतो. त्याला विचारा, हॉटफिक्स ‘डेव्हलप’मध्ये मर्ज करायची वेळ नेमकी कधी येते? २.३.१ बाहेर पडली, तक्रार करणारे शांत झाले, इश्यू बंद झाला, लॅपटॉप मिटला. त्यानंतर. वरातीमागून घोडं हाकायचं ते काम. ते राहिलं म्हणून त्या दिवशी कुणाचंच काही अडत नाही, म्हणून ते राहतं. ज्या पायरीला विसरल्याचा चटका दोन-तीन महिन्यांनी बसतो, ती पायरी थकलेल्या माणसाच्या आठवणीवर सोडायची नसते. तिघांनी आणखी शिस्त लावून घ्यायची शपथ घेतलीत तरी पुढच्या वर्षी हाच बग वेगळ्या नावानं भेटेल.

उपाय म्हणजे दिशा उलटी करायची. दुरुस्ती आधी ‘मेन’मध्ये, मग तिथून जुन्या मालिकेत. यात कुणी विसरलं तर काय होईल? जुन्या मालिकेला पॅच मिळणार नाही. पण २.४.१ काढायची तीच मुळी या पॅचसाठी, त्यामुळे तो विसरून २.४.१ काढणं जवळपास अशक्य आहे. आणि समजा विसरलंच, तरी जुना बग जुन्याच आवृत्तीत राहील, नव्या आवृत्तीत परत उगवणार नाही. लिनक्सच्या स्टेबल कर्नलचा नियम हाच आहे: पॅच मुख्य शाखेत आधी गेलेला असला पाहिजे, तरच तो स्टेबलमध्ये येतो. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्येही दुरुस्ती आधी ‘मेन’मध्ये जाते, मग जुन्या मालिकेच्या ब्रँचमध्ये, आणि तिथल्या कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) मथळ्यात कंसात मालिकेचा आकडा आणि मजकुरात मूळ कमिटचा हॅश, म्हणजे तिची ओळखखूण, लिहिलेला असतो.

तुमचाच बग घेऊन बघू. २.४.० बाहेर आहे आणि रिकाम्या व्हॅल्यूचा क्रॅश परत आल्याचा इश्यू आलाय. कुणीतरी ‘मेन’वरून छोटी ब्रँच काढतो. आधी टेस्ट: फाइलमध्ये ‘पोर्ट=’ एवढीच ओळ, पुढे काही नाही. अपेक्षा अशी, की व्हॅल्यू म्हणून रिकामी स्ट्रिंग मिळावी. टेस्ट फेल होते, मग पार्सरमध्ये, म्हणजे फाइल वाचून उलगडणाऱ्या भागात, दोन ओळी बदलतात, टेस्ट पास होते. टेस्ट आणि दुरुस्ती एकाच कमिटमध्ये. पुल रिक्वेस्टला (बदल मर्ज करून घ्यायच्या विनंतीला) ‘२.४ मध्ये बॅकपोर्ट’, म्हणजे जुन्या मालिकेत उतरवायचं, असं लेबल लावायचं आणि ती ‘मेन’मध्ये मर्ज करायची. मग २.४ च्या ब्रँचवर जाऊन ती कमिट चेरी-पिक करायची, म्हणजे तेवढीच उचलून तिथे लावायची, तीही ‘-एक्स’ हा पर्याय देऊन. त्यानं कमिटच्या संदेशात शेवटी एक ओळ आपोआप जोडली जाते: ही अमुक हॅशच्या कमिटवरून उचलली आहे. टेस्ट चालवायच्या, आवृत्तीचा आकडा २.४.१ करायचा, चेंजलॉगमध्ये एक ओळ, टॅग. लेबल काढायचं ते टॅग पडल्यावरच. म्हणजे ‘२.४ मध्ये बॅकपोर्ट’ लेबल असलेल्या मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टची यादी हीच तुमची राहिलेल्या कामांची यादी, वेगळं लक्षात ठेवायला नको.

‘-एक्स’चा आग्रह मी का धरतो ते सांगतो. चेरी-पिक केलेली कमिट ही गिटच्या दृष्टीनं नवीच कमिट असते, तिचा हॅश वेगळा. ‘ही दुरुस्ती कुठल्या टॅगमध्ये आहे’ असं गिटला ‘टॅग --कंटेन्स’ वापरून विचारलंत तर तो ‘मेन’वरच्या हॅशचाच विचार करतो आणि २.४.१ चं नाव घेतच नाही. दोन वर्षांनी कुणीतरी सुरक्षेचा प्रश्न घेऊन येतं, तेव्हा ती एक ओळ शोधूनच उत्तर देता येतं. ‘गिट चेरी’ नावाची एक आज्ञाही आहे. ती हॅश न बघता पॅचमधला बदल ताडून बघते आणि कुठल्या कमिटचा जोड दुसऱ्या ब्रँचवर सापडत नाही ते सांगते. पण बॅकपोर्ट करताना पॅचमध्ये थोडाही फेरफार केला असेल तर तिलाही तो ओळखू येत नाही.

फेरफार करावा लागणारच. ‘मेन’वर कुणीतरी पार्सरमधल्या फंक्शनचं नाव बदललेलं असतं, फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलेली असते, आणि चेरी-पिक कॉन्फ्लिक्ट देतं. २.४ सारख्या ताज्या मालिकेत हे क्वचित होतं, १.९ मध्ये मात्र जवळजवळ दर वेळी होईल. म्हणून एक सवय तिघांनीही लावून घ्या: बगच्या दुरुस्तीत साफसफाई मिसळायची नाही. ‘इथे आलोच आहे तर हेही नीट करतो’ म्हणत बदललेल्या चाळीस ओळी ‘मेन’वर छान दिसतात आणि बॅकपोर्ट करणाऱ्याच्या डोक्याला ताप होतात. साफसफाई वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये, दुरुस्तीनंतर. स्टेबल कर्नलच्या नियमांत तर पॅच आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा असं स्पष्ट लिहिलंय.

याच कारणासाठी पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून मर्ज करा असं सुचवेन. एक रिक्वेस्ट म्हणजे एक कमिट, ती उचलायला सोपी. मर्ज कमिट उचलायची तर गिटला ‘-एम’ देऊन मुख्य बाजू कुठली ते सांगावं लागतं, आणि नवख्या माणसाची तिथे हमखास गडबड होते. स्क्वॉशमुळे इतिहास सपाट होतो हे खरं. त्यावर तावातावानं वाद घालणारे लोक मला माहीत आहेत. तुमच्या आकाराच्या प्रकल्पात त्या इतिहासाकडे पुन्हा कुणी बघत नाही.

उलट दिशेची एक पद्धत आहे, तिच्यावर अन्याय नको. खुद्द गिटच्या प्रकल्पात दुरुस्ती सगळ्यांत जुन्या ब्रँचवर करतात आणि मग वरवर मर्ज करत आणतात: ‘मेंट’मधून ‘मास्टर’मध्ये, तिथून ‘नेक्स्ट’मध्ये. यात कमिटचा हॅश सगळीकडे तोच राहतो, ‘--कंटेन्स’ अचूक उत्तर देतं, नकला होत नाहीत. शास्त्र म्हणून ही पद्धत चेरी-पिकपेक्षा देखणी आहे. पण तिथे २००५ पासून जुनिओ हमानो हे एकच मेंटेनर सगळे पॅच आपल्या हातानं जागच्या जागी लावतात. पॅच लिहिण्याआधीच तो कुठल्या जुन्या मालिकेपर्यंत जाणार हे ठाऊक असावं लागतं. तुमच्याकडे पॅच येतात ते बाहेरच्या लोकांकडून, आणि ते सगळे डोळे मिटून ‘मेन’वर रिक्वेस्ट करतात. त्यांना ‘ही १.९ वर रीबेस करून आणा’ म्हटलंत तर निम्मे परत येणार नाहीत. आणि घाईत कुणी उलटं मर्ज केलं, म्हणजे ‘मेन’च १.९ मध्ये ओतलं, तर ते निस्तरताना सगळी हौस फिटेल.

मग रिलीज ब्रँच काढायची कधी? माझं उत्तर: शक्य तितक्या उशिरा. २.५.० द्यायची वेळ आली की ‘मेन’वरच टॅग करा, ब्रँच काढूच नका. ब्रँच मागाहून कधीही काढता येते, कारण टॅग जागचा हलत नाही. २.५.० मध्ये पहिला बग निघेल त्या दिवशी त्या टॅगवरून ‘२.५.एक्स’ ब्रँच काढायची आणि त्यात चेरी-पिक करायचं. बग निघालाच नाही, तर ब्रँचही नाही. मोठ्या प्रकल्पांना हे चालत नाही. पायथनमध्ये दरवर्षी ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते आणि त्याच्या काही महिने आधी, पहिल्या बीटालाच, तिची ब्रँच वेगळी होते. शेकडो लोकांना ‘आता नवीन काही घालू नका’ म्हणून महिनोन्‌महिने थांबवणं शक्य नसतं. ब्रँच तोडली की ‘मेन’ त्यांना पुढच्या आवृत्तीसाठी मोकळी होते. तुम्ही तिघं आहात. ‘शनिवारपर्यंत काही मर्ज करू नका, रिलीज कँडिडेट काढलाय’ एवढा एक निरोप पुरतो.

यासाठी ‘मेन’ कायम टॅग करण्याजोगी असली पाहिजे, आणि खरी मेहनत इथे आहे. ‘डेव्हलप’ असताना अर्धवट फीचर तिथे टाकून ठेवायची सोय होती, ती आता जाईल. अर्धवट काम पुल रिक्वेस्टमध्येच राहू द्या, किंवा असे तुकडे करून घाला की अपूर्ण असलं तरी बाहेरून कुणाला दिसणार नाही: फंक्शन आहे, पण सार्वजनिक केलेलं नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये नाही. आणि टेस्ट लाल असताना कुणीही, तिघांपैकीही, मर्ज करायचं नाही. ब्रँच प्रोटेक्शन लावून टाका म्हणजे भिडेचा प्रश्न येत नाही.

नावांबद्दल दोन गोष्टी, कारण यात लोक उगीच दिवस घालवतात. टॅग आणि ब्रँच यांना एकच नाव देऊ नका. ‘२.५’ नावाचा टॅगही असला आणि ब्रँचही, तर गिट ‘नाव संदिग्ध आहे’ अशी कुरकुर करतो आणि स्क्रिप्ट भलतंच काहीतरी उचलतात. म्हणून टॅग पूर्ण आकड्याचा, ‘व्ही२.५.१’, आणि ब्रँच ‘२.५.एक्स’. दुसरं, तुमच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) ‘रिलीज’ नावाची नुसती ब्रँच पडून असेल तर ‘रिलीज/२.५’ अशी ब्रँच निघणारच नाही, कारण एकच नाव ब्रँचही आणि फोल्डरही होऊ शकत नाही. त्रुटीचा संदेश वाचून हे चटकन लक्षात येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक खड्डा आहे. आवृत्तीचा आकडा टॅगवरून आपोआप काढणारी साधनं ‘मेन’वर उभी राहून मागे सापडेल तो जवळचा टॅग बघतात. ‘व्ही२.५.१’ हा टॅग ‘२.५.एक्स’ ब्रँचवर आहे, ‘मेन’च्या इतिहासात तो नाहीच. म्हणजे २.५.१ बाहेर पडली तरी ‘मेन’वरचं बिल्ड स्वतःला २.५.० नंतरचंच समजेल. बहुतेकांना याचा त्रास नसतो. पण विकासातल्या बिल्डचा आकडा शेवटच्या पॅचपेक्षा मोठा दिसायला हवा असेल, तर ब्रँच काढताच ‘मेन’वर पुढच्या आवृत्तीचा ‘डेव्ह’ टॅग टाका.

सीआयकडेही, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेकडेही, बघून घ्या. बऱ्याच रेपोंमध्ये सीआय फक्त ‘मेन’ आणि पुल रिक्वेस्टवर चालायला सांगितलेलं असतं. ‘२.५.एक्स’वर थेट पुश केलं की टेस्ट चालतच नाहीत आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ब्रँचच्या नावांचा नमुना त्यात आजच घाला. १.९ साठी हे जास्तच महत्त्वाचं आहे. जुन्या मालिकेत आधी सडतं ते सीआय, कोड नंतर. ज्या भाषा-आवृत्तीवर टेस्ट चालायच्या ती सीआयवरून गेलेली असते, एखाद्या अवलंबित्वाची जुनी आवृत्ती मिळेनाशी होते. सुरक्षेची तक्रार येईल त्या रात्री हे दुरुस्त करत बसू नका. १.९ चं बिल्ड अजून होतं का ते याच आठवड्यात बघा. होत नसेल आणि करायची इच्छाही नसेल, तर पॅकेजवाल्यांना ‘नाही’ म्हणून कळवा. बऱ्याचदा त्यांना तुमच्याकडून आवृत्ती नको असते. ‘मेन’वरचा स्वच्छ पॅच मिळाला की १.९ वर तो ते स्वतः बसवतात, त्यांचं रोजचं कामच आहे ते.

‘मेन आधी’ या नियमाला सुरक्षेपुरता एक अपवाद ठेवा. गंभीर भोक असेल आणि दुरुस्ती आधी ‘मेन’वर टाकलीत, तर सगळ्या जगाला भोक दिसतं आणि २.४ वाल्यांच्या हातात अजून काहीच नसतं. अशा वेळी खाजगी रेपोत दोन्ही मालिकांचे पॅच तयार करायचे, तपासायचे आणि मग ‘मेन’, ‘२.४.एक्स’, ‘१.९.एक्स’ तिन्हीकडे एकदमच पुश करून टॅग टाकायचे. पॅकेजवाल्यांना आधी खाजगीत कळवलंत तर तेही तयार राहतील.

आता बदल कसा करायचा. आधी ‘मेन’वर आहे पण ‘डेव्हलप’वर नाही असं काय उरलंय ते लॉगमध्ये बघा; रिकाम्या व्हॅल्यूची दुरुस्ती तिथे असेलच, आणि बहुधा ती एकटी नसेल. ‘मेन’ ‘डेव्हलप’मध्ये मर्ज करा, टेस्ट चालवा. आता ‘डेव्हलप’मध्ये ‘मेन’चं सगळं आलंय, म्हणून ‘मेन’ फास्ट-फॉरवर्ड करून, म्हणजे नुसती पुढे सरकवून, तिथे आणता येते, फोर्स पुशची गरज पडत नाही. मग २.४.० च्या टॅगवरून ‘२.४.एक्स’ काढा आणि दुरुस्ती तिच्यात उचलून २.४.१ द्या. १.९ च्या शेवटच्या टॅगवरून ‘१.९.एक्स’ मात्र पॅकेजवाल्यांना हो म्हणणार असाल तरच. रेपोची डीफॉल्ट ब्रँच ‘डेव्हलप’ असेल तर ती ‘मेन’ करा, आणि काँट्रिब्युटिंगच्या फाइलमधलं ते रंगीत गिट-फ्लोचं चित्र काढा, नाहीतर नवीन माणूस तेच वाचून ‘डेव्हलप’ शोधत बसेल.

एका गटाला मात्र आधीच सांगावं लागेल. आजवर तुमची ‘मेन’ म्हणजे शेवटची प्रसिद्ध आवृत्ती होती. कुणी ना कुणी पॅकेज न घेता थेट ‘मेन’वरून इन्स्टॉल करत असणार, आणि या बदलानंतर त्यांना न सांगता विकासातला कोड मिळायला लागेल. एखादा महिना आधी सूचना द्या, ‘टॅगवर पिन करा’ म्हणून. त्याउपर ज्यांचं मोडेल ते इश्यू टाकतीलच.

‘डेव्हलप’ सगळ्यांत शेवटी काढा. तिच्यावर उघड्या असलेल्या पुल रिक्वेस्टचा बेस आधी एकेक करून ‘मेन’ करून घ्या. बेस ब्रँचच नाहीशी झाली तर त्या रिक्वेस्ट बंद पडू शकतात, आणि ज्यांनी त्या पाठवल्यात त्यांना वाटेल तुम्ही त्यांचं काम नाकारलंत.